ताट वेगळे न करता : शेंगदाण्याची ॲलर्जी आणि आपले स्वयंपाकघर

आपल्या वसतिगृहाच्या कोठीत तांदूळ-गव्हाच्या गोण्यांशेजारी शेंगदाण्याचीही एक गोणी असे. माजी विद्यार्थ्यांना ती आठवत असेल. सकाळच्या पोह्यांत दाणे, दुपारच्या वांग्यात दाण्याचे कूट, रात्री भाकरीबरोबर दाण्याची तांबडी चटणी आणि परीक्षेच्या दिवसांत चार वाजता मूठभर गूळदाणे. ती गोणी आता कोठीत नाही. संमेलनाला आलेली जुनी मुले पंगतीला बसली की चटणी कोठे गेली, असे हमखास विचारतात. या प्रश्नाचे उत्तर वाढता वाढता देता येत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

तीन वर्षांपूर्वी रोहा तालुक्यातील एका गावातून एक मुलगा पाचवीच्या वर्गात दाखल झाला. प्रवेशअर्जातील ‘आजार’ या रकान्यात त्याच्या आईने ‘शेंगदाणा चालत नाही’ एवढे तीन शब्द लिहिले होते. रकाना दीड इंचाचा. त्यात याहून अधिक मावणारही नव्हते. आम्ही ते शब्द वाचले आणि ‘चालत नाही’ याचा अर्थ ‘आवडत नाही’ असा घेतला. कुणाला कारले चालत नाही, कुणाला दुधावरची साय चालत नाही. वसतिगृहात अशा तक्रारी रोजच्याच असतात. मुलगा शहाणा होता. दाणे दिसले की तो पदार्थ घेतच नसे, आणि आम्ही त्याला मनातल्या मनात ‘नखरेल’ म्हणत असू.

15 ऑगस्टला झेंडावंदनानंतर मुलांना चिवडा वाटला. त्याने हात मागे घेतला. स्वातंत्र्यदिनी मूल उपाशी कसे राहील, या मायेपोटी आम्ही त्याच्या वाट्याच्या चिवड्यातून एकेक दाणा वेचून काढला आणि वाटी त्याच्या हातात दिली. त्याने चार घास खाल्ले. दहा मिनिटांत त्याचे ओठ सुजले, मानेवर आणि पोटावर गांधी उठल्या, उलटी झाली. मग छातीतून शिटीसारखा आवाज येऊ लागला. जीपमधून त्याला रुग्णालयात नेले. डॉक्टरांनी प्रथम मांडीत ॲड्रेनलिनचे इंजेक्शन दिले आणि नंतर आमच्याकडे पाहिले. ‘दाणे वेचलेत, पण चिवड्याला लागलेली दाण्याची पूड कशी वेचणार होतात?’ असे ते म्हणाले. या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते.

ॲलर्जी म्हणजे अपचन नव्हे, हे त्या दिवशी आम्हाला समजले. एरवी जंतूंशी लढणारी शरीराची यंत्रणा एखाद्या निरुपद्रवी प्रथिनालाच शत्रू समजते आणि त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करून ठेवते. ते प्रथिन पुन्हा पोटात गेले की काही मिनिटांत, क्वचित तास-दोन तासांनी, सर्व शरीरात एकदम उठाव होतो. अंगावर गांधी, ओठ व जीभ सुजणे, उलट्या, श्वास कोंडणे, रक्तदाब घसरणे, बेशुद्धी, असा तो क्रम असतो. पण कधी क्रम पाळला जातो, कधी नाही. या तीव्र प्रतिक्रियेला ‘ॲनाफिलॅक्सिस’ हे नाव 1902 साली चार्ल्स रिशे आणि पोल पोर्तिए या फ्रेंच शास्त्रज्ञांनी दिले आणि त्या संशोधनासाठी रिशे यांना 1913 साली नोबेल पारितोषिक मिळाले. मात्रा थोडी असली तर त्रासही थोडाच होईल, हा आपला व्यवहारी हिशेब येथे लागू पडत नाही. झाऱ्याला चिकटलेले कूटही पुरेसे होते. दाणे भाजल्याने हा दोष जात नाही. उलट भाजलेल्या दाण्यातील प्रथिने अधिक तापदायक ठरतात, असे अभ्यासकांना आढळले आहे.

पाश्चात्त्य देशांच्या मानाने आपल्याकडे ही ॲलर्जी कमी आढळते. पण जे कमी आढळते ते मुळीच नसते असे नाही, आणि ते ओळखायला वेळ मात्र अधिक लागतो.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. रुग्णालयातून मुलगा परतला तेव्हा स्वयंपाकघरातील मावशींनी त्याच्यासाठी नवे ताट, वाटी आणि पेला आणून ठेवला होता. चुकून सरमिसळ होऊ नये म्हणून पेल्याला तांबड्या रंगाची खूण केली होती. पंगतीत शेजारच्याच्या ताटातले काही उडू नये म्हणून त्याला भिंतीकडेला एकट्याला बसवले. या साऱ्यामागे काळजीच होती. आम्हालाही त्यात काही वावगे दिसले नाही.

आठवड्याने त्याचे आजोबा भेटायला आले. जेवणाची वेळ होती. ते दारातच थांबले आणि बराच वेळ नातवाकडे पाहत राहिले. ‘गुरुजी, माझ्या नातवाचं ताट बाजूला का मांडलंय?’ त्यांनी विचारले. आम्ही कारण सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले, त्यांना ते पटलेही. मग म्हणाले, ‘बरोबर आहे तुमचं. पण खूण केलेला पेला आम्ही ओळखतो. बाजाराच्या दिवशी हाटेलात आमची कपबशी बाहेर कोनाड्यात असायची. आपणच घ्यायची, आपणच विसळून ठेवायची.’

इतिहास शिकवण्यात आमची पंचवीसहून अधिक वर्षे गेली. साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमरावाला घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे आणि शिपायाने वरून ओतले तरच पाणी मिळे, हे आम्ही दरवर्षी वर्गात सांगतो. आपल्याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्यावर काय घडले आणि त्यानंतर परिषदेच्या मंडपातील अन्न कसे मातीत मिसळले गेले, हेही सांगतो. 1925 साली बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात वसतिगृह काढले. गावात ज्यांना वेगळे बसवले जाई, त्या मुलांना तेथे एका छताखाली राहून शिकता आले. हे सारे मुखोद्गत असूनही आपल्याच वसतिगृहात तांबडी खूण केलेला पेला आमच्या डोळ्यांना खुपला नाही. तो एका वृद्ध शेतमजुराला दिसला.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. विटाळापोटी केलेले वेगळे ताट आणि जीव वाचवण्यासाठी केलेले वेगळे ताट ही एकच गोष्ट नव्हे. पहिल्यात ताटावरच्या माणसाला दोष लावलेला असतो, दुसऱ्यात अन्नाला. पण दहा वर्षांच्या मुलाला हा भेद कोण समजावणार? त्याला एवढेच कळत होते की सगळे तिकडे आणि आपण इकडे. त्याच्या शेजारी बसायला मुले बिचकू लागली होती. एकाने तर ‘त्याला लागलं तर आपल्यालाही होतं का?’ असे विचारले. अज्ञानातून विटाळ कसा जन्मतो, याचा हा आमच्या डोळ्यांसमोरचा नमुना होता.

म्हणून शिक्षकसभेत प्रश्न असा मांडला : वेगळे कोणाला काढायचे, मुलाला की शेंगदाण्याला?

ही सभा सोपी झाली नाही. विरोध करणारे सहकारी मुलांच्या हिताचेच बोलत होते. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे 25 ग्रॅम प्रथिने असतात. गरिबाच्या मुलाला एवढ्या स्वस्तात एवढे पोषण दुसरे कोण देणार? एका मुलासाठी बाकी सर्वांच्या तोंडचा घास का काढायचा? हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता, आणि आजही नाही. अखेर हिशेब मांडला. हरभरा, चवळी, मटकी यांची उसळ आठवड्यात दोनदा होत होती ती चारदा केली. उकडलेल्या अंड्याचा एक दिवस वाढवला. खर्च थोडा वाढला. तो दोन माजी विद्यार्थ्यांनी नाव न छापण्याच्या अटीवर उचलला आहे.

दुसरा आक्षेप परंपरेचा होता : दाण्याच्या कुटाशिवाय मराठी स्वयंपाक कसा व्हायचा? येथे इतिहासाची पदवी उपयोगी पडली. भुईमूग मुळात आपला नाही. तो दक्षिण अमेरिकेतला. फूल वर उमलते, त्याची आरी खाली झुकून मातीत शिरते आणि तेथे शेंग धरते. या आगळ्या झाडाची लागवड तेथे हजारो वर्षांपासून होती. पेरू देशात सिपान येथे 1987 साली मोचे संस्कृतीतील एका राजपुरुषाची कबर सापडली. त्याच्या गळ्यात सोन्याचांदीच्या शेंगदाण्यांचे हार होते. बटाटा आणि मिरचीप्रमाणेच हे पीकही कोलंबसानंतरच्या दर्यावर्दी व्यापारातून आपल्याकडे आले. (उपवासाच्या फराळातील शेंगदाणा, बटाटा आणि साबुदाण्याचा कंद हे तिघेही अमेरिकेचे, ही गंमत वर्गात सांगितली की मुले खो-खो हसतात.) शिवाय कूट ही मुख्यतः घाटावरची सवय. पेण-रोह्याच्या जुन्या स्वयंपाकात वाटण असे ते ओल्या नारळाचे. जोडीला आमसूल, तांदळाची भाकरी आणि कडवे वाल. मावशींनी वांग्यात कुटाऐवजी भाजलेले सुके खोबरे घातले तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, ‘माझी आजी असंच करायची.’ तेथे परंपरेचा आक्षेप मिटला. वाल हाही शेंगवर्गातलाच; तेव्हा तो या मुलाला चालेल का, हे आम्ही अंदाजाने ठरवले नाही, डॉक्टरांना विचारले. त्याला वाल चालतो. दुसऱ्या मुलाचे वेगळे असू शकेल.

स्वयंपाकघर आपल्या हातात होते, म्हणून ते सुधारले. बाहेरून येणारा खाऊ आपल्या हातात नव्हता, आणि खरी कसोटी तेथेच लागली. सहलीला, सामन्यांना, सुट्टीत गावी जाताना मुलाच्या पिशवीत काय द्यायचे? पेणहून रोह्याला रेल्वेने निघाले की कासू, नागोठणे, निडी या स्थानकांदरम्यान कागदाच्या पुंगळीतले खारे दाणे ‘टाइमपास’ म्हणत डब्यात फिरतात. त्यांची टरफले बाकांवर पडलेली असतात. एस.टी.च्या फलाटावरही तेच. खाऊ बरोबर असलाच पाहिजे, आणि तो सुरक्षित आहे याची खात्री हवी.

सुट्टा फरसाण आणि मिठाईच्या दुकानातील काउंटरवरचा माल आम्ही प्रथमच बाद केला. तेथे एकच पळी सर्व परातींतून फिरते. भडभुंज्याचे कुरमुरे आणि फुटाणे निर्धोक वाटले होते. पण त्याच भट्टीत, त्याच वाळूत आणि त्याच चाळणीतून शेंगदाणेही भाजले जातात, हे भट्टीपाशी उभे राहिल्यावर ध्यानात आले. बचत गटांच्या ताईंच्या पदार्थांबद्दल आम्हाला आपुलकी आहे. पण जेथे दाण्याची चिक्की आणि लाडू होतात तेथील चकलीही आम्ही घेत नाही. पेणचे पापड आणि पोह्याचे मिरगुंड मात्र आम्ही घेतो, तेही विचारून : या जागेत दाण्याचे काही होते का? विचारल्याचा राग कोणी धरला नाही. एका ताईंनी तर दुसऱ्या दिवशी आपणहून निरोप पाठवला, की पाटा-वरवंटा शेजारणीने चटणीसाठी नेला होता, या वेळचा माल घेऊ नका. असा निरोप कोणत्याही छापील लेबलावर मिळणार नाही.

राहिला कारखान्यातील पाकिटांचा माल. ‘अन्न सुरक्षा व मानके (लेबलिंग व प्रदर्शन) विनियम, 2020’ अन्वये पाकिटावर घटकपदार्थांची यादी द्यावी लागते, आणि ॲलर्जी आणणारे आठ गट ‘कंटेन्स’ या शब्दापुढे वेगळे सांगावे लागतात : ग्लुटेनयुक्त धान्ये, कवचधारी जलचर, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे व कवचफळे, सोयाबीन आणि ठराविक प्रमाणावरील सल्फाइट. ही झाली उजळ बाजू. पण नियम पुरता वाचला तर त्यातील फटीही दिसतात, आणि पालकांनी त्याच अधिक लक्षात ठेवाव्यात.

पहिली फट भाषेची. लेबल इंग्रजीत किंवा हिंदीत असले की नियम पाळला गेला. मराठी ऐच्छिक आहे. म्हणजे महाराष्ट्रातील आईला आपल्या मुलाच्या जिवाची गोष्ट परक्या भाषेत, मुंगीएवढ्या अक्षरात वाचावी लागते. या मुलाची आई मराठी उत्तम वाचते. पाकिटावरचे ‘ग्राउंडनट’ तिला कसे वाचता यावे? दुसरी फट अशी की एकाच यंत्रावर किंवा एकाच कारखान्यात दाण्याचे पदार्थ होत असल्यामुळे अंश मिसळण्याची शक्यता ‘मे कंटेन’ या शब्दांनी सांगता येते, पण ते सांगणे कंपनीच्या इच्छेवर आहे. तेव्हा जेथे ही ओळ नाही तेथे धोका नाही, असे मानता येत नाही; मौनाचा अर्थ संमती असा लावला तर येथे घात होईल. तिसरी फट तेलाची. भुईमुगाच्या तेलाला ‘कंटेन्स’च्या ओळीतून सूट आहे. उत्तम शुद्ध केलेल्या तेलात प्रथिने जवळजवळ उरत नाहीत, परंतु घाण्यावरच्या तेलात उरू शकतात. म्हणून घटकांच्या यादीतील तेलाचे नाव स्वतंत्रपणे वाचावे लागते. चौथी फट लहान पाकिटांची. ज्या पाकिटाचे एकूण क्षेत्रफळ 100 चौरस सेंटिमीटरहून अधिक नाही त्यावर घटकांची यादी नसली तरी चालते. ती बाहेरच्या मोठ्या खोक्यावर असते. शाळेसमोरच्या दुकानात बरणीतून मिळणाऱ्या गोळ्या, चॉकलेटे, छोट्या चिक्क्या याच वर्गातल्या. मुलाच्या हाती बरणीतली गोळी येते, यादी दुकानदाराच्या फेकलेल्या खोक्यावर राहते.

आम्ही या अडचणीचा वर्गपाठ केला. फळ्यावर शब्द लिहिले : पीनट, ग्राउंडनट, मूँगफली, अरॅकिस, नट्स, मिक्स्ड नट्स, कंटेन्स, मे कंटेन. सातवी-आठवीच्या मुलांनी ते इंग्रजी आणि देवनागरी अशा दोन्ही लिप्यांत पुठ्ठ्यावर उतरवले, आणि तसा एकेक पुठ्ठा मुलाच्या आईला व मामाला घरी दिला. कोठीत नवीन पाकीट आले की दोन विद्यार्थी ते मोठ्याने वाचतात, तिसरा वहीत नोंद करतो. नुसते ‘नट्स’ लिहिले असेल तर त्यात शेंगदाणा आहेच असे धरतो. संशय राहिला तर पाकिटावरच्या ग्राहकसेवा क्रमांकावर फोन करून एकच प्रश्न विचारतो : या यंत्रावर दाण्याचा दुसरा पदार्थ होतो का? काही ठिकाणी नीट उत्तर मिळते. जेथे टाळाटाळ होते तो पदार्थ आम्ही घेत नाही. अशा रीतीने आज आमच्या वहीत दोन बिस्किटे, एक प्रकारचे वेफर आणि एक राजगिऱ्याची वडी एवढेच पदार्थ उरले आहेत. त्यांची नावे येथे मुद्दाम देत नाही. कृती बदलते, कारखाना बदलतो. त्याच नावाच्या मोठ्या पाकिटावर एक मजकूर आणि लहानावर दुसरा, असेही आम्ही पाहिले आहे. मागच्या महिन्यात वाचलेले पाकीट या महिन्यात पुन्हा वाचावे लागते.

लेबलावर एक शब्द नसण्याची किंमत काय असते, हे इंग्लंडला 2016 साली कळले. नताशा एडनन-लापरूझ या 15 वर्षांच्या मुलीने विमानतळावर पाव घेतला. त्याच्या कणकेत तीळ होते, वेष्टनावर तसे लिहिलेले नव्हते, कारण दुकानातच बांधलेल्या मालाला तेव्हा ती सक्ती नव्हती. तिला तिळाची ॲलर्जी होती. ती वाचली नाही. तिच्या आईवडिलांनी लढा दिला आणि 1 ऑक्टोबर 2021 पासून तेथे अशा मालावरही पूर्ण यादी सक्तीची झाली. तो कायदा तिच्याच नावाने ओळखला जातो.

पालकसभेत एक प्रश्न नेहमी येतो, त्याचे उत्तर देऊन ठेवतो. मग तान्ह्या मुलांना शेंगदाणा देऊच नये काय? असे नाही, उलटच आहे. 2015 साली लंडन येथील एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ॲलर्जीचा धोका अधिक असलेल्या 640 बालकांपैकी ज्यांना पहिल्या वर्षापासूनच नियमित शेंगदाण्याचे पदार्थ दिले त्यांच्यात पाचव्या वर्षी ही ॲलर्जी सुमारे 80 टक्क्यांनी कमी आढळली. आपल्याकडे बाळाच्या पेजेत दाण्याचे बारीक कूट घालतात, त्यात काही चूक नाही. अख्खा दाणा मात्र बाळाला देऊ नये, तो घशात अडकतो. ज्या बाळाला तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी आहे त्याच्याबाबत आधी डॉक्टरांना विचारावे, आणि ज्याला एकदा त्रास झालेला आहे त्याच्यावर ‘सवय लागावी’ म्हणून घरी प्रयोग कदापि करू नयेत.

कितीही जपले तरी चूक होऊ शकते, हे धरूनच तयारी ठेवली आहे. परदेशात अशा मुलांजवळ स्वतःच टोचून घेता येणारे ॲड्रेनलिनचे तयार पेन असते. आपल्याकडे ते सहज मिळत नाही. मिळते ती काचेची साधी कुपी, आणि ती महाग नाही. डॉक्टरांनी मुलाच्या वजनानुसार मात्रा लिहून दिली असून मांडीच्या बाहेरील बाजूस इंजेक्शन कसे द्यायचे हे दोघा शिक्षकांना आणि अधीक्षकांना शिकवले आहे. ॲलर्जीच्या साध्या गोळीने गांधी उतरतात, पण कोंडलेला श्वास मोकळा होत नाही. म्हणून गोळी देऊन वाट पाहत बसायचे नाही. आधी इंजेक्शन, लगेच 108 ला फोन. मुलाला आडवे ठेवायचे, धाप असेल तर बसते करायचे; उठून चालायला लावायचे नाही. हा कागद स्वयंपाकघरात, कार्यालयात आणि जीपमध्ये लावलेला आहे. प्रवेशअर्जातील तो दीड इंचाचा रकानाही आता अर्ध्या पानाचा केला आहे.

तांबड्या खुणेचा पेला आजोबा आले त्याच्या दुसऱ्या दिवशीच काढून टाकला. मुलगा पंगतीत मधोमध बसतो. आता तो आठवीत आहे, आणि पाकिटे वाचणाऱ्या दोघांपैकी एक तोच आहे.

संमेलनाला येणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना आणि भोजनदान वा खीरदान करू इच्छिणाऱ्या उपासक-उपासिकांना एवढीच विनंती, की खाऊ आणायचा तर बंद पाकिटातला, यादी छापलेला आणावा आणि आदल्या दिवशी कोठीत वाचायला द्यावा. गेल्या वर्षी एका माजी विद्यार्थ्याने मुंबईहून मिठाईचे चार सुंदर खोके आणले. या मुलाने एक खोका हातात घेतला, उलटसुलट फिरवून पाहिला आणि म्हणाला, ‘काका, याच्यावर काहीच लिहिलेलं नाही.’ काका क्षणभर गोंधळले. मग चारही खोके गाडीत ठेवून ते तसेच पेणच्या बाजारात गेले आणि वेलची केळ्यांचे दोन मोठे घड घेऊन परतले.